साडेसातचा फोन

सोसायटीच्या रंगकामाची नोटीस लागली तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं होतं, हे प्रकरण आपल्या डोक्याला ताप देणार. "इमारतीच्या बाहेरून लोंबणाऱ्या सर्व केबल वायरी काढण्यात येतील. सभासदांनी सहकार्य करावे." पुढच्याच आठवड्यात परांची चढली, वायरी कचाकच कापल्या गेल्या, आणि आमचा टीव्ही 'सिग्नल नाही' असं लिहून निळा पडला.

आता दोनच रस्ते होते. केबलवाल्याला सांगून इमारतीच्या आतल्या डक्टमधून नवी वायर घ्यायची, नाहीतर केबलला रामराम ठोकून सगळं इंटरनेटवर बघायचं. नवऱ्याचं मत तयार होतं. "केबल आता बघतं कोण? सगळं कोपरखैरणं मोबाइलवर बघतं." त्याला मॅच दिसली की झालं. माझं म्हणाल तर मला एका जागी बसवतच नाही. जाहिरात लागली की मी उठते, कपड्यांच्या घड्या घालते, गॅलरीत जाऊन खाली कोण भांडतंय ते बघते, परत येते तर अजून जाहिरातच चालू. अस्सा राग येतो! ऑनलाइनवर म्हणे जाहिराती नाहीत, नको ते पळवता येतं. मी तर लगेच तयार झाले. तशी तिथेही मी काही धड बघत नाही. काय बघायचं ते शोधता शोधता जेवण आटोपतं आणि मी ताट घासायला उठते. पण निदान तो शोध तरी आपल्या हातात असतो.

"आईंना विचारलंस का?" नवरा म्हणाला.

"आईला काय विचारायचंय? तिची मालिका असतेच की ऑनलाइनवर."

माझी आई, बाबा गेल्यापासून, आमच्याकडे असते. मी एकुलती एक, त्यामुळे तिला दुसरीकडे जायला घर नाही आणि मला कुरकुर ऐकवायला भाऊ नाही. दिवसभर ती काही मागत नाही. पण संध्याकाळी साडेसातला तिला टीव्हीसमोरची खुर्ची, मोठा आवाज आणि मांडीवर चार्ज केलेला फोन लागतो. मालिका सुरू झाली रे झाली की खांदेश्वरहून मावशीचा फोन येतो. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. मुलगा परदेशात, घरात एकटी. फोन स्पीकरवर टाकून ही आपल्या टीव्हीसमोर बसते, ती आपल्या. मालिका चालू असताना दोघी नुसत्या हुंकार देतात. ब्रेक लागला की तोंडं सुटतात.

"बघलास का त्या सासूचा तोंड?"

"मेली कारस्थानी हाय."

"सून पन काय कमी नाय गं."

ब्रेक संपला की गप्प. आठ वाजता "ठेवते गं" आणि फोन बंद. तब्येत कशी आहे, जेवलीस का, लेकाचा फोन आला का, यातलं एक अक्षर नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, या बायकांना मालिकेचं वेड लागलंय. वेड होतंच, पण त्याचं मूळ दुसरीकडे होतं.

दोघींचं माहेर इथलंच, खाडीकाठचं गाव. आता त्याच्या चारी बाजूंनी सेक्टर उभे राहिलेत. मामाने तिथलं जुनं घर पाडून बिल्डिंग उठवायचं ठरवलं तेव्हा ते त्याने आईला सांगितलं. मावशीला कुणी कळवलं नाही. ती तापट, येऊन रडारड करेल, काम अडवेल, अशी मामाला धास्ती. आईही गप्प बसली. आणि मावशी गावदेवीच्या जत्रेला नेहमीसारखी ओटीचं सामान घेऊन माहेरी आली, तर घराच्या जागी सपाट जमीन आणि बाजूला जेसीबी उभा. मी तेव्हा आईबरोबर तिथेच होते. मावशीने तिला एवढंच विचारलं, "तुना म्हाईत होता?" आईने होकाराची मान हलवली. मावशी ओटी न भरता तशीच मागे फिरली.

त्यानंतर कित्येक वर्षं दोघी बोलल्या नाहीत. लग्नकार्यात एक मांडवाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मामा गेला तेव्हाही दोघींनी वेगवेगळ्या भिंतींना टेकून रडून घेतलं.

मग काका वारले, मावशीचे यजमान. आई तेराव्यापर्यंत रोज खांदेश्वरला जाऊन बसायची. बोलायची नाही, नुसती बसायची आणि परत यायची. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी एका संध्याकाळी आईचा फोन वाजला. ना हॅलो, ना कशी आहेस. मावशी म्हणाली, "ती साडेसातची शिरेल लाव. बग ती सासू काय करते." आईला त्या मालिकेचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिने रिमोट उलटा धरून बटणं दाबली आणि माझ्यावर ओरडली, "बाय, लवकर लाव, लवकर!" तेव्हापासून त्या फोनचा एक दिवस खाडा झालेला नव्हता. दुसरं काही बोलायची दोघींची हिंमत नव्हती, म्हणून मालिकेवर बोलत होत्या. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

तर आम्ही केबल सोडली. नवऱ्याने टीव्हीला काय काय जोडलं, माझ्याकडून पासवर्ड टाकून घेतला, आणि संध्याकाळी आईचं चॅनल इंटरनेटवरून चालू करून दिलं. चित्र एकदम लख्ख. आई खूश. साडेसातला मावशीचा फोन आला, आणि दोन मिनिटांत गोंधळ.

"अगो बाय! पडली, पडली!" मावशी फोनमधून किंचाळली.

आईच्या टीव्हीवर सून अजून जिन्याच्या वरच्याच पायरीवर उभी होती. "कोन पडली?"

"सून! बगत नायस का?"

"थांब गं, माज्याकडं अजून आला नाय!"

इंटरनेटवरून येणारं चॅनल मावशीच्या केबलपेक्षा मागे होतं. थोडंसंच, पण हुंकाराला हुंकार जुळेना. मावशीचा ब्रेक लागायचा तेव्हा आईकडे सासू अजून डोळे वटारून उभी असायची. मावशी बोलायला लागली की आई "श्शू" करायची, आणि आईकडे ब्रेक लागला की मावशी "श्शू" करायची. मी आतून ऐकत होते आणि मला हसूही येत होतं, चीडही येत होती. आठवडाभर हे चाललं. फोन लवकर संपायला लागले. एकदा तर मावशी म्हणाली, "तुजा होऊ दे मंग, मी ठेवते." आई फोन हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसली.

मला राहवेना. मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की पैसे भरणाऱ्यांना संध्याकाळचा भाग त्याच दिवशी सकाळी बघायला मिळतो. मी आईला दाखवलं. "हे बघ, आजचा भाग सकाळीच येतो. हवा तर आधी बघून ठेव."

आईने ते फार मनावर घेतलं. तिचा हिशोब सरळ होता. सकाळी बघितलं की संध्याकाळी मागे पडायला नको. चहाबरोबर ती पूर्ण भाग बघायची, काही काही प्रसंग परत लावायची, आणि संध्याकाळी टीव्ही नुसता नावाला चालू ठेवून मावशीच्या फोनमधून येणारा आवाज ऐकत त्याच्या तालावर बोलायची. जमलं की हो! हुंकार परत जागेवर पडायला लागले. मावशी खूश, आई खूश. मला वाटलं, सुटला एकदाचा गुंता.

पण आईला नाटक येत नाही. आयुष्यात कधी आलं नाही. माझ्या बाबांसाठी गुपचूप आणलेली लुंगीसुद्धा तिने घरी पोचायच्या आधी, ते रस्त्यात भेटले तिथेच सांगून टाकली होती. त्या मालिकेत सुनेचा हरवलेला नवरा परत येणार होता. त्या दिवशी सकाळी तो भाग आईने दोनदा पाहिला आणि डोळे पुसले. संध्याकाळी फोन चालू होता, मावशीच्या टीव्हीवर सून देवासमोर दिवा लावत होती, आणि आईचा धीर सुटला.

"आला गं बाय, आला!"

मग तिच्या टीव्हीवर दाराची घंटा वाजली, संगीत वाजलं, दार उघडलं. ते सगळं आम्हाला फोनमधून ऐकू आलं. आई हातातला पदर तोंडात धरून बसली.

"तुना आदीच म्हाईत होता," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "परत तुना आदीच म्हाईत होता. आनि मी येडी इकडं बगत बसलेय."

फोन कट.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. आईने लावला, उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आईने सकाळचा भाग बघणं बंद केलं, संध्याकाळचाही. पण साडेसातला खुर्चीत बसायची ती बसायचीच, बंद टीव्हीसमोर, मांडीवर फोन. मी घरभर फिरत होते. भांडी जागेवर लावली, परत काढली. एवढ्याशा मालिकेवरून कुणी एवढं धरून बसतं का, असं मी नवऱ्याला म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला ठाऊक होतं की हे मालिकेवरून नव्हतं. ती दोघींची एकच गोष्ट शिल्लक होती आणि तीही हातची चालली होती. दोघींची वयं काही कमी नव्हती. पुन्हा कित्येक वर्षं थांबायला कुणाकडे वेळ होता?

मी सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीकडे गेले. म्हटलं, मला केबलची वायर परत हवी, आजच्या आज.

"मॅडम, बाहेर वायरी दिसल्या की बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब होतं."

"तुमचं एलिव्हेशन गेलं खड्ड्यात," मी म्हणाले. ऑफिसात बसलेले दोघं-तिघं उठून उभे राहिले. "डक्टमधून घेते. डक्ट काय तुमच्या घरचा आहे?"

परवानगी मिळाली. केबलवाला आमच्याच गावचा, माझ्या शाळेतला. त्याने येऊन निमूटपणे वायर ओढली, जुना बॉक्स लावला, आणि जाताना म्हणाला, "ताई, हल्ली लोक काढायला बोलावतात. लावायला बोलावनारी तूच."

टीव्हीवर परत तेच चॅनल, तेच चित्र, मावशीच्या घरी दिसतं त्याच क्षणाला. मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बरा झाला," आणि फोनकडे बघत राहिली. साडेसात वाजून गेले, फोन वाजला नाही.

"केबल आणलीस," नवरा म्हणाला, "आता मावशी कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी दुपार टळताच मी किल्ली उचलली. "आई, साडी बदल. खांदेश्वरला जायचं."

निघालो तेव्हा वेळ भरपूर होता. पण कळंबोलीला ट्रेलरची ही रांग! लोखंडाच्या सळ्या भरलेला एक ट्रेलर वळणावर आडवा अडकला होता आणि त्याच्या मागेपुढे सगळं जग उभं. मी हॉर्न वाजवत होते, नवरा "अगं, वाजवून तो हलणारे का?" म्हणत होता, आई मागे मांडीवर फोन धरून बसली होती. साडेसात तिथेच वाजले. "सुरू झाली असंल," आई म्हणाली. मी स्टिअरिंगवर हात आपटला.

मावशीने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. दार उघडं ठेवलं, एवढंच. आई तिच्या शेजारी सोफ्यावर बसली. मी दाराजवळच्या खुर्चीत. पडद्यावर परत आलेला नवरा सासूच्या पाया पडत होता. एवढ्या वर्षांत ती मालिका दोघी पहिल्यांदाच एका टीव्हीवर बघत होत्या. हुंकार नाही, काही नाही.

ब्रेक लागला.

"आजचा पन बगून आलीस?" मावशी टीव्हीकडे बघतच म्हणाली.

"नाय. त्या दिवसापासून हात लावला नाय."

मावशीने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. साबणाची जाहिरात मुकी चालू होती.

"घर तोडला तवा तू होतीस तिथं?"

"होते."

"आदी काय तोडला?"

"पडवी," आई म्हणाली. "मंग मधली खोली. आपन झोपायचो ती."

"मना सांगलास कशाला नाय?"

आईने पदर सारखा केला. "तू आली असतीस. भिंतीला धरून बसली असतीस. लोकांनी ओढून बाजूला काढली असती तुना. मना ता बगवला नसता."

"मंग बसू द्यायचा होतास की मना," मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "एक दिवस बसले असते. मंग माजी मी उठले असते."

"चुकला माजा," आई म्हणाली.

मावशीने आईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर दोन फटके मारले, लहान मुलाला मारतात तसे. मग हात तसाच धरून ठेवला. ब्रेक कधीच संपला होता. मला तिथे बसवेना, डोळे भरून आले होते. मी उठून मावशीच्या स्वयंपाकघरात गेले, डबे उघडून साखर शोधली आणि चहा टाकला.

निघताना दारात मावशीने आईला दम भरला. "यापुढं काय बी कलला तर आदी मना सांगायचा. शिरेलीचा पन."

आईने हुकूम शब्दशः घेतला. आता आमच्या घरी केबलही आहे आणि ऑनलाइनही. सकाळी आई ऑनलाइनवर आजचा भाग बघते आणि लगेच मावशीला फोन लावून अथपासून इतिपर्यंत सांगते. कोण काय म्हणालं, कोणती साडी होती, सगळं. संध्याकाळी दोघी तोच भाग केबलवर एका वेळी बघतात आणि मावशी भांडते, "तू सांगलास तसा कुठं झाला?" मध्ये मध्ये गुडघे, मीठ-मसाला, परदेशातला लेक, गावात कोण वारलं, सगळं येतं. फोन आठला संपत नाही. मला सकाळी डबा करताना आणि संध्याकाळी भाजी निवडताना, दोन्ही वेळा त्या सासूचं कारस्थान ऐकावं लागतं. वेड लागायची पाळी आली आहे. नवरा म्हणतो, तूच वायर ओढून आणलीस, आता भोग.

गेल्या आठवड्यात आई खालच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाली. मी म्हटलं, रविवारी बनवून आणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. बाहेर आईचं मावशीला सांगणं चालू होतं. सून माहेरी निघाली, बॅग भरली, नवऱ्याने अडवलं नाही. मग त्याच सुरात, मध्ये श्वासही न घेता, आई म्हणाली, "आनि ऐक. काल डोल्यांचा डॉक्टर बोलला, डावा डोला गेला. आता परत यायचा नाय. उजवा टिकंल का नाय, बगू बोलला."

फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. मावशीने विचारलं, "लेकीला सांगलास?"

"नाय अजून. ती लगेच धावपल करंल, दहा डॉक्टर करंल, मना बसू द्यायची नाय. तुना आदी सांगते."

"बरा केलास," मावशी म्हणाली.

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. मी हिची मुलगी, या भिंतीच्या पलीकडे उभी, आणि खांदेश्वरला आधी कळतंय! तुला माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीस, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते आठवलं आणि मी तोंड मिटलं.

तव्यावरची पोळी जळाली. मी गॅस बंद केला. खाली जाऊन काकूंना गाठलं, त्यांनी सगळं सांगितलं. थेंब दिलेत, पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, आता घाईने करण्यासारखं काही नाही. वर आले आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"हापिस नाय?" तिने विचारलं.

"आहे. बसते जरा."

तिने माझ्याकडे बघितलं, मान थोडी वळवून, उजव्या बाजूने. मग टीव्हीकडे वळली. तेव्हापासून रोज सकाळी मावशीचा फोन झाला की मी तिथे जाऊन बसते. हातात काही घेत नाही. पाय हलवायला लागले की तिला कळतं, म्हणून तेही दाबून धरते.

तिने मला अजून सांगितलेलं नाही.